सूर्य मक्केच्या डोक्यावर असताना

मे महिना संपत आला होता आणि हमीदचा फोन आला. "सुहास, पुढच्या आठवड्यात तीन दुपारी मोकळ्या ठेव. तुझा थिओडोलाइट आहे ना अजून?"

"आहे रे. पण काच धुरकटलीये."

"चालेल. मला काचेपेक्षा तू पाहिजेस. तिपाई लावायला वाकलो की मी तिथेच राहतो."

हमीद आणि मी एकाच तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवायचो; कोन मोजायचं ते दुर्बिणीचं यंत्र तेव्हापासून माझ्याकडे. तो दापोलीकडचा, मी मालवणकडचा. माझे वडील गिरणीत होते, त्याचे बोटीवर. आता दोघंही निवृत्त. मी मुलुंडला राहतो, तो अंधेरीला. गेल्या काही वर्षांत त्याने एक वेगळंच काम अंगावर घेतलं होतं. उपनगरांतल्या लहान-लहान मशिदींची दिशा तपासून द्यायची. हे का सुरू केलं ते मी कधी विचारलं नव्हतं. माणसाला रिकामपणी काहीतरी लागतं, एवढंच वाटायचं. महामारीत तो स्वतः मरता मरता वाचला होता आणि तेव्हापासून चढ चढला की त्याला धाप लागायची. म्हणून यंदा सोबत मी.

ज्या उपनगरांत जन्म काढला त्यांचंच प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे जरा संकोच वाटतो. पण त्या तीन दुपारी ज्या दारांतून मी आत गेलो, त्यांच्यावरून आयुष्यभर नुसता पुढे गेलो होतो. जे माझ्यासारखेच पुढे गेले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मुलुंड

पहिली मशीद माझ्याच घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर निघाली. लेथ मशीन आणि पत्र्याच्या गाळ्यांच्या गल्लीत, एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली लोखंड कापण्याचा आवाज, वर हिरव्या चटया. नवीन फरशी बसवायची होती, आणि त्या आधी भांडण लागलं होतं.

मशिदीत नमाज पढताना तोंड मक्केतल्या काब्याकडे हवं. त्या दिशेला किब्ला म्हणतात. एकदा ती ठरली की त्यावरून सगळं ठरतं: इमाम उभा राहतो तो भिंतीतला कोनाडा म्हणजे मेहराब, माणसांच्या रांगा, चटयांच्या रेघा. इथे प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर दिशा बघत होता आणि प्रत्येकाचा काटा वेगळीकडे जात होता. मशिदीचं काम बघणारे शकीलभाई आम्हाला म्हणाले, "सर, चार फोन, चार मक्के. सांगा, फरशीवाल्याला कुठे उभा करू?"

हमीद हसला. "खाली एवढं लोखंड आहे, शकीलभाई. बिचारा काटा तरी काय करणार? आपण वर जाऊ. गच्चीवर."

आपल्याकडे सर्वांना वाटतं की मक्का इथून सरळ पश्चिमेला आहे. तशी ती नाही. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरला तर मुंबईहून ती दिशा पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेकडे झुकते. हे गणिताने काढता येतं, आम्ही दोघांनी ते वर्गात फळ्यावर काढलेलं आहे. पण मेच्या अखेरीस दोन-तीन दिवस असे येतात की गणिताचीही गरज पडत नाही. मक्केत दुपार होते तेव्हा सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर असतो. त्या क्षणी जगात जिथून कुठून सूर्य दिसेल, तिथे सूर्याकडे तोंड केलं की काब्याकडे तोंड झालं. आपल्या घड्याळात तेव्हा पावणेतीन वाजून दोन-तीन मिनिटं झालेली असतात. ओळंबा टांगायचा आणि त्याच्या दोरीची सावली जमिनीवर आखून घ्यायची, बस्स. फक्त दिवसाला एकच सावली मिळते. म्हणून तीन ठिकाणांना तीन दुपारी.

गच्चीवर चपला काढून गेलो आणि माझी वाट लागली. मेमधली दुपार आणि उघडं सिमेंट. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतोय हे पाहून खालच्या वेल्डरने गोणपाट भिजवून आणलं आणि माझ्या पायाखाली अंथरलं. "अंकल, पहले पाँव बचाओ, दिशा बाद में."

मी तिपाई उभी केली, हमीदने ओळंबा सोडला. सगळे गप्प झाले. खालची मशीनसुद्धा कुणीतरी बंद केली असावी. हमीद घड्याळाकडे बघत होता, मी सावलीकडे. त्याने मान हलवली तशी मी खडूने दोन खुणा केल्या आणि दोघांनी रंगाची दोरी ताणून फटका मारला. निळी रेघ उमटली. शकीलभाई तिच्या टोकाशी उभे राहिले, समोर बघितलं. समोर पाण्याच्या टाक्या, उंच सोसायट्या आणि त्यांच्या मागे डोंगर. ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

माझ्या मनात आलं, आमच्याकडे देव आपल्याकडे बघतो. देवघराचं तोंड कुठे, एवढाच आमचा प्रश्न. आपण कुठून हात जोडले याची फारशी फिकीर नाही. इथे माणसालाच वळावं लागतं.

गच्चीच्या कठड्याशी रेघेचा कोन मोजून तो खालच्या भिंतीशी लावून दिला. मग गुलाबाचं सरबत आलं, त्यात फुगलेला सब्जा. आम्ही जिन्यात बसून हमीदच्या घरचा, रेहानावहिनींनी दिलेला डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि आंब्याचं सांदण. सांदण आमच्याकडेही होतं, पण वहिनींचं जरा जास्त मऊ असतं.

खाता खाता हमीद म्हणाला, "फैजान असता तर हसला असता बघ."

फैजान हमीदचा एकुलता एक मुलगा. गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभारायच्या कामावर होता. महामारीच्या दुसऱ्या लाटेत गेला. तिशीही झाली नव्हती.

"का रे?"

"एकदा त्यांनी सेटवर मशीद उभी केली होती. प्लायवूडची. मी बघायला गेलो तर मेहराब पूर्वेला. मी ओरडलो. तर म्हणतो, पप्पा, इथे कॅमेरा ठेवतील तिथे किब्ला." हमीदने भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. "मी चिडलो होतो रे त्याच्यावर. दोन दिवस बोललो नव्हतो."

त्याने डबा बंद केला. सांदण अर्धं शिल्लक होतं.

घाटकोपर

दुसरा दिवस डोंगरावरचा. स्टेशनपासून रिक्षा जिथवर जाते तिथवर गेलो आणि पुढे पायऱ्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं, एवढी वाट. दाराशी बायका फणसाचे गरे सोलत बसल्या होत्या. एकीने काही न विचारता आमच्या हातावर दोन-दोन गरे ठेवले. हमीद दर वळणावर थांबायचा. मी तिपाई खांद्यावर घेऊन त्याच्या मागे. त्याला आधी थांबू द्यायचं आणि मग आपण दमल्यासारखं करायचं, असं मी ठरवलं होतं. दोन वळणांनंतर तो म्हणाला, "नाटक नको करू. तू दमलेला नाहीस."

मशीद म्हणजे एक लांबट खोली, निळ्या चुन्याची. ती सांभाळणारे रहमतचाचा दारातच खुर्चीवर बसले होते. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. तरुणपणी त्यांनीच चार सोबत्यांना घेऊन इथे पत्र्याची मशीद उभी केली होती. दिशा कशी ठरवली, असं विचारलं तर म्हणाले, "सूरज जिधर डूबता था, उधर दीवार उठा दी. तब यहाँ से खाडी दिखती थी, साहब. कोई बिल्डिंग नहीं थी."

खाडी तर पूर्वेला, मी मनात म्हटलं. पण खाडीकडे पाठ करून सूर्याकडे तोंड, असं त्यांना सांगायचं असावं. आता भिंत पाडून पक्की बांधायची होती आणि नव्या लोकांना ती अचूक हवी होती. चाचांना ते आवडलं नसावं. आमच्या तिपाईकडे ते डॉक्टरच्या सुईकडे बघावं तसं बघत होते.

त्या दिवशी ढगांनी दगा दिला. सकाळपासून ऊन होतं आणि नेमकी वेळ आली तसा समोरून एक काळपट ढग सरकत आला. ओळंब्याची सावली फिकी झाली, मग नाहीशी. हमीद घड्याळ हातात धरून उभा. वेळ आली आणि गेली. खाली कुठेतरी टीव्हीवर मालिकेचं संगीत चालू होतं.

"गणिताने करू," मी म्हटलं. "सूर्य बाहेर येऊ दे."

तो बाहेर आला तेव्हा आम्ही चहा आणि नानखटाई संपवली होती. मग थिओडोलाइट लावला, सूर्याचा कोन घेतला, वेळ लिहिली. हमीदने कागदावर आकडेमोड केली, मी पुन्हा केली. दोघांचं उत्तर एकच. भिंत सरळ पश्चिमेला होती, किब्ल्यापासून दहा अंश बाजूला.

चाचांनी विचारलं, "कितना?"

हमीदने हात पुढे करून दाखवलं, हा पश्चिमेला आणि हा इतका उजवीकडे. फार नाही. हाताची मूठ लांब धरली तर तिच्या रुंदीएवढं.

चाचा त्या मुठीकडे बघत राहिले. "तो इतने साल की नमाज?"

याचं उत्तर हमीदकडे तयार होतं. त्याने ते कितीतरी ठिकाणी दिलं असणार. तो खाली बसला, चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हिंदीत सांगितलं की तुम्हाला जेवढं कळलं तेवढ्यावर तुम्ही मनापासून तोंड केलंत, ती नमाज पोहोचली. इतक्या लांबून जरा इकडेतिकडे झालं तरी ती बाजू तीच धरतात. मोठमोठ्या आलिमांनी, धर्मपंडितांनी हे सांगून ठेवलंय. पुढे भिंत बरोबर करायची ती अक्षर सुधारावं तशी. मागचं काही वाया गेलेलं नाही.

चाचांनी मान डोलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जरा हायसं वाटल्याचं दिसलं. माझंही काम झालं असं समजून मी तिपाईचे पाय मिटू लागलो. तेवढ्यात ते म्हणाले, "और जिनको सुला दिया? बीवी को, भाई को... कब्र में भी तो मुँह उधर ही करते हैं. हमने इसी अंदाज़ से करवाया. नमाज़ी तो घूम जाएगा साहब, वो करवट कैसे बदलेंगे?"

हमीदचा हात त्यांच्या गुडघ्यावरून निघाला. तो उठला. त्याने ओळंब्याची दोरी बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली आणि गुंडाळत गुंडाळत बाहेर गेला.

चाचांना मीच कसंबसं सांगितलं की तिथेही तेवढाच हिशेब असेल. माझ्यासारख्या माणसाने हे सांगावं याचं मला स्वतःलाच विचित्र वाटलं. पण त्यांनी माझा हात धरला आणि "शुक्रिया" म्हणाले.

हमीद खालच्या पायरीवर बसला होता. मी शेजारच्या टपरीवरून दोन लिंबू-सोडे आणले. त्याने बाटली गालाला लावून धरली.

"आमच्यात मय्यतीला कबरीत उजव्या कुशीवर ठेवतात," तो म्हणाला. "डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, तोंड किब्ल्याकडे. हे घरचा माणूस करतो. मुलगा बापासाठी करतो, भाऊ भावासाठी. आत उतरायचं आणि स्वतःच्या हाताने वळवायचं."

मला तेव्हा हळूहळू कळायला लागलं.

"फैजान गेला तेव्हा मी अंधेरीला ऑक्सिजनवर होतो. मला चार दिवस सांगितलंच नाही. रेहाना घरात बंद. आमच्या घरातलं कुणीच गेलं नाही सुहास. रुग्णालयातून पिशवीत घालून नेला. मेहुणा रस्त्याच्या पलीकडे उभा होता, त्याला आत सोडलं नाही. त्याने लांबून पाहिलं की चार माणसं पांढरे कपडे घालून पिशवी खाली सोडतायत. एवढंच." त्याने बाटली खाली ठेवली. "रेहानाने एकदाच विचारलं. त्याला कुशीवर केलं होतं का हो? की तसाच उताणा? मी म्हटलं, करतात, नक्की करतात. ती म्हणाली, तुम्ही पाहिलंत? त्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही. पण तिला झोप लागत नाही."

"म्हणून तू हे सुरू केलंस."

"काय माहीत. मला त्याच्यासाठी करता आलं नाही, म्हणून दुसऱ्यांच्या भिंती सरळ करत हिंडतो." तो उठला. "उद्याची जागा तीच आहे. फैजान आहे ते कब्रस्तान."

आमच्याकडे उत्तरेकडे डोकं करून झोपलं की आई रागावून उठवायची. ती मेलेल्याची दिशा, असं म्हणायची. माझे वडील गेले तेव्हा त्यांना मी स्वतः तसं ठेवलं होतं, दरवाजाजवळ, दर्भावर. मला ते आठवलं. आपल्याला करायला मिळालं, हे किती मोठं आहे, ते मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

बोरिवलीच्या अलीकडे

तिसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. कब्रस्तानाच्या फाटकावर गुलमोहर फुलून सांडला होता, आणि आत पाऊल टाकल्यावर रस्त्याचा गोंगाट एकदम लांब गेला. पक्क्या कबरी मोजक्याच. बाकी मातीचे उंचवटे, त्यांवर पत्र्याच्या पाट्या, कुठे तुळशीसारखा सब्जा लावलेला. मुंबईत मेलेल्यांनाही जागा कमी. काही वर्षं गेली की त्याच जागी दुसऱ्याला पुरतात, हे मला हमीदकडूनच कळलं. महामारीतल्या रांगा मात्र इतकी वर्षं कुणी उघडल्या नव्हत्या. त्या रांगा यंदाच्या पावसाळ्यानंतर उघडायच्या, असं आता कब्रस्तानाच्या कमिटीने ठरवलं होतं.

रेहानावहिनी आत कधी आल्या नव्हत्या. त्यांच्यात बायका सहसा कब्रस्तानात जात नाहीत. आमच्या आयाही स्मशानात कुठे गेल्या? आता कुणी कुणी जातात. मला वाटलं, दोन्हीकडच्या बायकांनी दारातूनच निरोप दिला आणि उरलेलं पुरुषांच्या तोंडून ऐकलं. पुरुषांनी काय सांगितलं असेल कोण जाणे.

कमिटीने हमीदला बोलावलं होतं ते फाटकाजवळच्या ओट्यासाठी. तिथे पुरण्याआधीची जनाज्याची नमाज होते. सावली एकच मिळणार होती. मी म्हटलं, "ओट्याचं मी गणिताने काढतो. तू दोरी तिकडे घेऊन चल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दोरी उचलली आणि चालू लागला.

फैजानची जागा कुंपणाच्या भिंतीजवळ होती. पाटीवरचं नाव उडालं होतं, हमीदने ते रंगाने पुन्हा लिहिलेलं दिसत होतं. मी हात जोडले. हमीदने फातिहा पढली. मग आम्ही दोघांनी मिळून कबरीच्या कडेला, मातीला धक्का न लावता, तिपाई उभी केली आणि ओळंबा सोडला.

खड्डे खणणारा यासीन फावडं टेकवून लांबून बघत होता. पन्नाशीचा, मूळचा सोलापूरचा. त्याला हे काय चाललंय ते कळेना. जवळ आला. "काय मोजायलाव सर? जागा कमी पडली का?"

हमीदने त्याला सांगितलं. यासीनने फावडं आडवं ठेवलं आणि तोही उकिडवा बसला.

वेळ झाली. दोरीची सावली कबरीवर आडवी पडली होती. मी डोक्याकडच्या दगडापासून पायाकडच्या दगडापर्यंत दुसरी दोरी लावली आणि कोन मोजला. मग पुन्हा मोजला. काटकोन. ही रांग ज्याने कुणी पहिल्यांदा आखली, त्याने फार सांभाळून आखली होती.

"बरोबर आहे, हमीद," मी म्हटलं. "कबर अगदी बरोबर आहे."

त्याने डोळे मिटले. मग यासीनकडे वळला. "त्या वर्षी इथे तूच होतास?"

"मी अन् आणखी दोघं. रमजान होता."

"हा माझा मुलगा आहे. याला तुम्हीच उतरवलं असणार." हमीदचा आवाज चढवाटेवर चिरकायचा तसा झाला. "कुशीवर केलं होतं का?"

यासीनने पाटीकडे पाहिलं. नाव वाचलं. डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "सर, मला आठवत नाही."

त्याने मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

"लई आले त्या दिवसांत. गाडी थांबायची अन् दुसरी मागं उभी असायची. नाव कागदावर असायचं, आम्हाला तर नुसती पिशवी. तुमचा कोणता, मी कसं सांगू? लोक येतात, विचारतात. आमचा एक साथी सगळ्यांना सांगायचा, हो हो, मीच केलं, नूर होता, तेज होतं चेहऱ्यावर. पिशवीत चेहरा कुठं दिसतोय? तुम्ही एवढी दोरी-बिरी घेऊन खरं बघायला आलाव. तुम्हाला खोटं सांगू का मी?"

"नको," हमीद म्हणाला.

"आठवत नाही, हेच खरं."

वाऱ्याने गुलमोहराच्या पाकळ्या आमच्यापर्यंत येत होत्या. हमीद दोरी सोडायला वाकला, त्याला जमेना. मी सोडली. इतक्या वर्षांनी तो इथवर आला आणि हातात आला तो एक काटकोन.

मग यासीनच म्हणाला, "पण करायचो कसं, ते सांगू शकतो."

हमीद थांबला.

"आम्हाला सांगितलं होतं, सोडा अन् माती टाका, हात लावू नका. पण असं कसं टाकायचं माणसाला? एक जण आत उतरायचाच. त्या कपड्यांत उकडायचं, चष्म्यावर वाफ, काही दिसायचं नाही. पिशवीवरून हात फिरवायचा. खांदा कुठं आहे ते हाताला लागतंय. खांदा लागला की..." तो उठला आणि हमीदच्या मागे जाऊन उभा राहिला. आपला मातीचा हात त्याने हमीदच्या डाव्या खांद्यावर ठेवला, दुसरा कमरेशी, आणि त्याला हळूच उजवीकडे कलतं केलं. "असं. मग पाठीशी मातीची ढेकळं लावायची, म्हणजे परत उलटत नाही. सगळ्यांना करायचो. एखाद्याला राहिलं असंल तर अल्ला जाणे. पण मी ठरवून कुणाला सोडलं नाही."

हमीद तसाच उभा राहिला, किंचित कललेला. यासीनने हात काढायला सुरुवात केली तसा हमीदने आपला हात वर नेऊन तो खांद्यावर दाबून धरला. आणि रडला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. त्याचे वडील गेले तेव्हा, स्वतः मरणातून परत आला तेव्हा, कधीच मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. यासीनही हलला नाही. दोघं तसेच उभे, एकाचा हात दुसऱ्याच्या हाताखाली.

बऱ्याच वेळाने यासीन म्हणाला, "पावसाळ्यानंतर ही रांग उघडायची आहे. यायचं असंल तर मी फोन करीन. हाडं सांगतात, कोण कसा झोपलेला ते."

मी हमीदकडे पाहिलं. सर्वेक्षण शिकवणारा माणूस. ज्याने पोरांना आयुष्यभर सांगितलं की अंदाजावर सोडू नका, जाऊन बघा.

तो पाटीकडे बघत होता. "नको यासीन. मला बोलावू नकोस. तू बघशील ते मलाही सांगू नकोस." थोड्या वेळाने म्हणाला, "त्या जागी जो येईल, त्याला नीट वळव. एवढं कर."

"ते करीनच."

ओट्याचं गणित मी करून दिलं. कमिटीच्या माणसांनी समोसे मागवले होते. आम्ही कुणीच फार खाल्लं नाही.

अंधेरी

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन गॅलरीतून आत आलं होतं. रेहानावहिनींनी दार उघडलं, आमच्या धुळीच्या पायांकडे पाहिलं आणि पाण्याचे ग्लास आणले. आज आम्ही कुठे जाणार होतो ते त्यांना माहीत होतं. हमीदने सकाळी सांगितलं होतं.

मी निघायच्या तयारीने उभा होतो. त्या म्हणाल्या, "बसा भावोजी. तुमच्यासमोरच ऐकते. नंतर हे मला गोड करून सांगतील."

हमीद खुर्चीच्या टोकावर बसला. त्याने काही गोड केलं नाही. "कबरीची दिशा बरोबर आहे. सुहासने मोजली. पण त्याला कुशीवर केलं की नाही, ते खणणाऱ्याला आठवत नाही. खूप जण होते. तो म्हणाला, आम्ही सगळ्यांना करायचो. पण आपल्या फैजानचं त्याला आठवत नाही. मी विचारून बघितलं."

वहिनी उभ्याच होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होत्या. मला वाटलं, हा इतका खरेपणा आज टाळता आला असता.

"कसं करायचे, सांगितलं त्याने?"

"आत उतरायचे. पिशवीवरून खांदा शोधायचे. हाताने."

"हाताने?"

"हो."

"म्हणजे काठीने नाही. लांबून ढकललं नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "टीव्हीवर दाखवायचे तसं नाही."

"नाही. एक माणूस आत उतरायचा." हमीद घुटमळला. मग तेही सांगून टाकलं. "पण हातमोजे घातलेले असायचे, रेहाना."

वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "असू दे. आत हातच होता ना."